सहावी ते आठवी : कोणता तर्क आधी शिकवावा, कोणता नंतर?

सहावी-सातवीच्या मुलाला तर्क शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत आणि शाळांत बुद्धिमत्ता चाचणीचं सराव पुस्तक येतं. संख्यामालिका, समसंबंध, सांकेतिक भाषा, वेन आकृती, आरशातील प्रतिमा अशी प्रकरणं मूल ओळीने सोडवत जातं. पण ही प्रश्नप्रकारांची नावं झाली. त्यांच्या मुळाशी मुख्यतः चार तऱ्हेचे तर्क असतात : उदाहरणांवरून नियम काढणारं विगमन, नियमावरून निष्कर्षाकडे जाणारं निगमन, एका जोडीवरून दुसरी जोडी ओळखणारा साम्यतर्क आणि दिसणाऱ्या गोष्टीचा खुलासा शोधणारा कारणशोध. डी.एड., बी.एड. झालेल्यांना पहिले दोन 'उद्गामी' आणि 'अवगामी' म्हणून ओळखीचे असतील. (आरशातील प्रतिमा, घनाचे पृष्ठभाग, घडीचा कागद हा आकृती डोळ्यांसमोर फिरवून पाहण्याचा सराव आहे. तो उपयोगी आहे, पण तर्काच्या तासाला धरू नये.)

चारही प्रकारांना सारखा वेळ देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहावीत विगमन, सातवीत सर्वांत जास्त वेळ निगमनाला, आठवीत कारणशोध असा क्रम ठेवावा. साम्यतर्काला वेगळ्या तासिकांची गरज नाही.

| | विगमन | निगमन | साम्यतर्क | कारणशोध |
|---|---|---|---|---|
| निष्कर्ष किती पक्का | एका विरुद्ध उदाहरणाने कोसळतो | दिलेली विधानं खरी असतील तर पूर्ण पक्का | सर्वांत कच्चा | नवा पुरावा आला की बदलू शकतो |
| मुलांना कितपत जमतं | नियम लगेच सुचतो, तपासणं जमत नाही | शिकवल्याशिवाय सहसा जमत नाही | चटकन जमतं | पहिल्याच कारणावर थांबतात |
| पुढे कुठे लागतो | बीजगणित, संख्यांचे गुणधर्म | भूमितीची सिद्धता | विज्ञानातल्या संकल्पना समजताना | विज्ञानाचे प्रयोग, इतिहास |
| तासिका | सहावीत ८ | सातवीत १२ | इतर विषयांतच | आठवीत ६ ते ८ |

आधी मूल कुठे अडतं ते पाहा

पुस्तक घेण्यापूर्वी हे चार प्रश्न कागदावर द्या. वेळेची अट घालू नका. प्रत्येक उत्तराखाली 'का?' लिहायला सांगा, कारण निदान त्या ओळीवरूनच होतं.

पहिला : ३, ६, १२, पुढची संख्या कोणती? दुसरं एखादं उत्तर शक्य आहे का?
दुसरा : पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. पाऊस पडला का? (हो / नाही / सांगता येत नाही)
तिसरा : गवंडी : थापी :: शिंपी : ? (कापड, सदरा, कात्री, दुकान)
चौथा : मेथीच्या दोन कुंड्या आहेत. एक खिडकीत ठेवून तिला रोज पाणी घातलं. दुसरी कोपऱ्यात ठेवून तिला एक दिवसाआड पाणी घातलं. खिडकीतली रोपं जास्त वाढली. 'ऊन मिळालं म्हणून वाढली' हे सिद्ध झालं का?

पहिल्यात २४ जवळजवळ सगळेच लिहितात. फरक ३, ६, ९ धरले तर २१ सुद्धा चालतं, हे किती जणांना दिसतं ते पाहायचं आहे. दुसऱ्यात 'हो' आलं तर निगमनाचं काम बाकी आहे, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांचं उत्तर 'हो' असेल याची तयारी ठेवा. तिसऱ्यात 'सदरा' किंवा 'कापड' आलं तर मूल नातं न पाहता आठवणीने जवळचा शब्द उचलतं आहे. चौथ्यात ऊन आणि पाणी दोन्ही बदललं आहे, हे मुलाच्या लक्षात यायला हवं.

विगमन : सोपं वाटतं, म्हणून फसवतं

मुलांना नियम सुचायला वेळ लागत नाही. सुचलेल्या नियमावर संशय घेणं मात्र शिकवावं लागतं. त्यासाठी तीन कृती पुरतात.

पहिली कृती वर्तुळाची. कंपासने किमान ७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. परिघावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला जोडायचा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजायचं. एका बिंदूला १ भाग, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहा बिंदूंना किती, हे मोजण्याआधी वहीत लिहून घ्या. वर्ग एकमुखाने ३२ म्हणतो. मोजल्यावर ३१ भरतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. वर्तुळ लहान असेल तर मधले बारीक भाग सुटतात, म्हणून प्रत्येक भागात पेन्सिलीने क्रमांक घालायला लावा. आणि सहा बिंदू अगदी समान अंतरावर घेतले तर तीन जीवा केंद्रात एकत्र मिळतात आणि भाग ३० येतात. बिंदू मुद्दाम वेडेवाकडे घ्या.

दुसरी कृती पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये वापरलेल्या प्रयोगावरून घेतलेली आहे. फळ्यावर २, ४, ६ लिहा. 'हे त्रिकूट माझ्या मनातल्या नियमात बसतं. तुम्ही त्रिकुटं सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन. नियमाची खात्री झाली की तो सांगा.' मुलं ८, १०, १२ देतात, मग २०, २२, २४. दोन्हींना 'हो' मिळतं आणि मुलं 'दोनाने वाढणाऱ्या सम संख्या' असं जाहीर करतात. खरा नियम फक्त 'चढता क्रम' एवढाच असतो. १, ७, ५० लाही 'हो'च मिळालं असतं, पण ते कोणी विचारत नाही, कारण सगळे आपल्या कल्पनेला होकार मिळवत असतात. पुढच्या फेरीत अट घाला : ज्यांना 'नाही' मिळेल असं वाटतं अशी दोन त्रिकुटं विचारल्याशिवाय नियम सांगायचा नाही. या एका अटीने खेळाचा रंग बदलतो.

तिसरी कृती आपल्या घरची आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांचा स्थिरांक ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत तिथे पोहोचता येतं. मुलं अडकतात ती शून्यापाशी. २१११ मधून १११२ वजा केले की ०९९९ येतं; मूल ९९९ लिहितं आणि पुढे ९९९ − ९९९ = ० करून 'नियम चुकला' म्हणतं. चारही घरं भरलेली ठेवायची : ९९९० − ०९९९ = ८९९१.

चाळीस मुलांनी चाळीस संख्या घेतल्या आणि सगळ्या ६१७४ वर आल्या, तर सिद्ध झालं का? हा प्रश्न फळ्यावर राहू द्या. उत्तर निगमनाच्या तासाला मिळतं.

निगमन : सर्वांत जास्त वेळ इथे

दुवा तीन अंकी संख्यांनी जोडावा. तीच रीत तीन अंकांना लावली की सगळ्या संख्या ४९५ वर येतात. इथे सातवीतलं मूल सिद्धतेपर्यंत जाऊ शकतं. मोठा अंक अ, मधला ब, लहान क. पहिली वजाबाकी (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ), म्हणजे ९९ × (अ − क). ब उडून गेला. अ आणि क यांतला फरक १ ते ९ च असू शकतो, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ९ उत्तरं शक्य आहेत : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. ही नऊ तपासली की काम संपलं. ०९९ वरून ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि मग ४९५. जास्तीत जास्त ६ वजाबाक्या. आता एकही तीन अंकी संख्या निसटू शकत नाही. चाळीस उदाहरणांचा विश्वास आणि नऊ शक्यतांची खात्री यांतला फरक मुलाला आपल्या हातच्या आकडेमोडीतून दिसतो. चारही प्रकारांपैकी एकच धडा घ्यायला वेळ असेल तर हा घ्या.

यानंतर 'जर-तर'. विधान अंकगणितातलं निवडा, म्हणजे खरंखोटं मुलाला स्वतः तपासता येतं. 'संख्या ६ ने भागली जात असेल तर ती ३ ने भागली जाते.' यावरून काढले जाणारे चार निष्कर्ष फळ्यावर मांडा. ४२ ला ६ ने भाग जातो, म्हणून ३ ने जातो : बरोबर. १० ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ६ ने जात नाही : बरोबर. ९ ला ३ ने भाग जातो, म्हणून ६ ने जातो : चूक. ९ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून ३ ने जात नाही : चूक. दोन्ही चुका एकटा ९ उघड्या पाडतो. मूल या चुका का करतं, हेही समजून घ्यायला हवं. घरात 'अभ्यास केलास तर खेळायला जाशील' म्हटलं की 'नाही केलास तर नाही' हे न बोलता कळलेलं असतं. व्यवहारातलं 'तर' बहुधा 'तरच' असतं, गणितातलं नसतं. दोन्ही शब्दांची विधानं शेजारी लिहून मुलांकडून फरक वदवून घ्या.

मग वेसनचाच कार्डांचा प्रश्न. चार कार्डांवर अ, क, ४, ७ दिसतात. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या आहे. नियम : 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.' नियम खरा आहे का हे पाहायला कोणती कार्डं उलटायलाच हवीत? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. मोठी माणसंही यात चुकतात. उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. मुलं गोंधळली तर तोच प्रश्न असा द्या : 'मोटरसायकल चालवत असेल तर वय १८ पूर्ण हवं.' कार्डं : मोटरसायकल चालवतो, सायकल चालवतो, वय २५, वय १६. वाहतूक पोलीस कोणाला तपासेल? हे लगेच जमतं. मग दोन्ही प्रश्न शेजारी ठेवून कोणतं कार्ड कोणत्या कार्डाच्या जागी आहे ते मुलांनाच जुळवू द्या. ही पायरी गाळली तर दुसऱ्या प्रश्नातलं यश पहिल्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या न्यायदर्शनातलं पाच अवयवांचं अनुमान इथे नेमकं उपयोगी पडतं. डोंगरावर अग्नी आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर आहे (हेतू). जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण). डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय). म्हणून डोंगरावर अग्नी आहे (निगमन; इथे या शब्दाचा अर्थ फक्त शेवटचा निष्कर्ष). तिसऱ्या अवयवात नियम आणि त्याचा आधार दोन्ही सांगावे लागतात, ही याची मोठी सोय. नियम उलटा केला, म्हणजे 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं, की काय होतं यावर नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, ठरलेलं प्रत्युत्तर आहे : तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. ९ ने जे काम केलं तेच इथे या गोळ्याने केलं.

'सर्व' आणि 'काही' यांच्या प्रश्नांत वेन आकृती काढायला सगळेच शिकवतात. चूक होते ती एकच आकृती काढून थांबण्यात. 'काही अ हे ब आहेत' या विधानाला चार आकृत्या बसतात : दोन वर्तुळं एकमेकांना छेदणारी, अ पूर्ण ब च्या आत, ब पूर्ण अ च्या आत, आणि दोन्ही तंतोतंत एकच. म्हणून 'काही अ हे ब नाहीत' असा निष्कर्ष निघत नाही. शक्य त्या सगळ्या आकृत्यांत खरा ठरतो तोच निष्कर्ष, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर हवं.

निगमनाला इतका वेळ देण्याचं कारण नववीत आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या भूमितीत सशर्त ('जर-तर') विधानं, व्यत्यास ('जर' आणि 'तर' यांची अदलाबदल केलेलं विधान), पक्ष (दिलेलं), साध्य (सिद्ध करायचं) आणि सिद्धता एकदम समोर येतात. ज्याने सातवीत ९ चं उदाहरण स्वतः शोधलं आहे त्याला 'व्यत्यास वेगळा तपासावा लागतो' हे सांगावं लागत नाही. बाकीची मुलं सिद्धता पाठ करायला लागतात.

साम्यतर्क

याला वेगळं पुस्तक घेऊ नका. एक रीत पुरते : जोडीचं पूर्ण वाक्य करा. 'गवंडी थापी हे हत्यार वापरतो.' आता तेच वाक्य शिंप्यासाठी म्हणा : 'शिंपी कात्री हे हत्यार वापरतो.' कापड आणि सदरा आपोआप गळतात. दोन पर्याय बसले तर वाक्य जास्त नेमकं करायचं. क्रम उलटा नाही ना, हेही वाक्यातच कळतं.

खरा उपयोग विज्ञानाच्या तासाला आहे. वीजप्रवाह पाण्याच्या प्रवाहासारखा, असं सांगितलं की लगेच विचारा : साम्य कुठे तुटतं? नळी कापली तर पाणी सांडत राहतं. तार कापली तर प्रवाह थांबतो. प्रत्येक साम्यासोबत एक तुटणारी जागा लिहायची सवय लागली की पुरे.

कारणशोध

इथे रीत तीन पायऱ्यांची. किमान तीन शक्य कारणं लिहा. प्रत्येकासमोर 'हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?' ते लिहा. मग जाऊन पाहा. वर्गातला पंखा बंद पडला : वीज गेली असेल तर दिवेही बंद हवेत; बटण बिघडलं असेल तर दिवे चालू राहतील आणि रेग्युलेटर फिरवून काही होणार नाही; पंखाच बिघडला असेल तरी तेच दिसेल. म्हणजे शेवटची दोन कारणं या पाहणीने वेगळी होत नाहीत, वेगळी तपासणी लागेल. ती इलेक्ट्रिशियनने करायची. मुलांचं काम कोणती तपासणी लागेल ते सांगण्यापुरतं.

आठवीत दोन तासिका १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याला द्या. रोग दूषित हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. त्याच्या नकाशात सोहो भागातले मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसतात. पण हवेचं कारणही याच नकाशात बसलं असतं. निर्णायक ठरले ते अपवाद. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते पंपाचं पाणी पीत नव्हते. दूर हॅम्पस्टेडमधली एक विधवा दगावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं, म्हणून ती ते मागवत असे. या दोन गोष्टी मुलांना आधी सांगू नका. नकाशा दाखवून विचारा : हवा की पाणी, हे ठरवायला कोणाची चौकशी कराल?

८ सप्टेंबर १८५४ ला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, अशी गोष्ट अनेकदा सांगितली जाते. प्रत्यक्षात लोक परिसर सोडून गेल्याने साथ त्याआधीच ओसरू लागली होती, आणि स्नोने स्वतः ते नोंदवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणं म्हणजे काय, ते इथे दाखवा. स्नोचा निष्कर्ष बरोबर होता, पण दांडा काढणं हा त्याचा पुरावा नव्हता. आठवीच्या मुलांना हे दोन्ही एकदम खरं असू शकतं हे पटायला वेळ लागतो. तो द्यावा.

परीक्षेचं गणित

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत (तिच्या इयत्ता शासन निर्णयाने बदलत आल्या आहेत, चौथी-सातवी किंवा पाचवी-आठवी) दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न, १०० गुणांचे असतात. भाषेच्या २५ प्रश्नांसह ७५ प्रश्न दीड तासात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. आठवीच्या एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) या शिष्यवृत्ती परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न ९० मिनिटांत असतात. त्यातून मिळणारी शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. दोन्हीकडे विगमन आणि साम्यतर्काचे प्रश्न निगमनापेक्षा जास्त असतात, कारणशोध जवळजवळ नसतो.

म्हणून परीक्षा महिन्यावर आली असेल तर वरचा क्रम बाजूला ठेवा. संख्यामालिका, समसंबंध आणि वर्गीकरण घड्याळ लावून सोडवा, निगमनातून फक्त वेन आकृत्या घ्या. वर्षभर हाताशी असेल तर पहिले आठ महिने घड्याळ नको. वेग आधी आणला तर मूल पहिल्या सुचलेल्या नियमावर थांबायला शिकतं, आणि शिष्यवृत्तीच्या वरच्या इयत्तेच्या पेपरात तिथेच गुण जातात : तिथे २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. घरच्या सरावात प्रत्येक पाचव्या प्रश्नाला 'दुसरं उत्तर शक्य आहे का?' एवढं विचारा, आणि गुण देताना निम्मे उत्तराला, निम्मे 'का?'च्या ओळीला द्या.